ठाण्यातील एक मिक्सिंग स्टुडिओ: पहिली प्रत फसलेली, दुसरी जमलेली

नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर असलेल्या या छोट्या स्टुडिओत मी नुकतेच एका भावगीताचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज जुळवून एकत्र करण्याचे काम, करून घेतले. गायन, हार्मोनियम, तबला, बासरी, गिटार आणि तानपुरा असे चौदा ट्रॅक होते. मोबदला सहा हजार रुपये ठरला आणि त्यात दोन वेळा दुरुस्ती करून देण्याचे कबूल केले होते. पहिली प्रत मला साफ नापसंत पडली आणि दुसरी मनापासून आवडली, त्यामुळे या दोन प्रतींमधला फरक सांगितल्याशिवाय या ठिकाणाविषयी न्याय्य मत देता येणार नाही.

गाण्याचा मुखडा मंद्रात, जवळजवळ स्वतःशी गुणगुणल्यासारखा आहे आणि अंतरा तार षड्जाला भिडतो. पहिल्या प्रतीत ही सारी तफावत एकट्या कॉम्प्रेसरवर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबून पातळी सारखी करणाऱ्या साधनावर, सोपवली होती. त्यासाठी 1176 या प्रसिद्ध यंत्राची सॉफ्टवेअर प्रतिकृती 8:1 रेशोवर वापरली होती, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज आठ डेसिबल चढला तर बाहेर एकच डेसिबल चढतो. या यंत्राचा अटॅक, म्हणजे आवाज दाबायला लागणारा वेळ, 20 ते 800 मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे त्याची सर्वांत संथ मात्रासुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत काम सुरू करते. परिणामी ‘टिपूर’मधल्या ‘ट’ची धार बोथट झाली, अंतऱ्यातला जोर मुखड्याच्या पातळीला येऊन बसला आणि दोन ओळींमधले श्वास मात्र शब्दांइतकेच ठळक ऐकू येऊ लागले. आवाज मोठा होता, पण गाणारी बाई कुठेतरी हरवली होती.

पॅनिंगची, म्हणजे कोणते वाद्य डावीकडे आणि कोणते उजवीकडे ऐकू यावे या मांडणीची, गत याहून विचित्र होती. तबला पूर्ण डाव्या कानात आणि डग्गा पूर्ण उजव्या कानात ठेवल्यामुळे वादकाचा एक हात नौपाड्यात आणि दुसरा रुळांपलीकडे कोपरीत असावा, असे वाटत होते. बाजू चुकली नव्हती, कारण समोर बसलेल्या श्रोत्याला उजव्या हाताने वाजणारा तबला डावीकडेच दिसतो. चुकले होते ते अंतर. बासरीला रुंदी देण्यासाठी तिचीच प्रत सुमारे 15 मिलिसेकंद उशिराने दुसऱ्या बाजूला टाकली होती. हेडफोनवर ते सुखद वाटले. पण दोन्ही बाजू एकत्र करून मोनोमध्ये ऐकताच काही कंपने परस्परांना छेद देऊ लागली आणि बासरी पोकळ नळीतून आल्यासारखी वाजली. आमच्या सोसायटीच्या गणपतीतले कर्णे मोनोच असतात, त्यामुळे ही तक्रार केवळ पुस्तकी नव्हती.

दुसऱ्या बैठकीला अभियंत्यांनी वाद घातला नाही, हे मला विशेष वाटले. ‘आधी गाण्याचे शब्द द्या,’ एवढेच ते म्हणाले, आणि कागदावर पेन्सिलीने ज्या अक्षरांवर आवाज पडतो तिथे वरचा बाण व जिथे उसळतो तिथे खालचा बाण, अशा खुणा करत गेले. त्यानंतर त्यांनी कॉम्प्रेसर लावण्यापूर्वीच प्रत्येक ओळीची पातळी हाताने सारखी केली. या एका कामात दीड तास गेला, आणि माझ्या मते सहा हजारांतले चार हजार त्या दीड तासाचेच होते. कॉम्प्रेसरपुढचे काम मग इतके हलके झाले की 3:1 रेशो आणि 25 मिलिसेकंदांचा अटॅक पुरेसा ठरला. उंच स्वरांवरही आवाज किती दाबला जातो ते दाखवणारा काटा चार-पाच डेसिबलपलीकडे झुकत नव्हता. व्यंजनाचा पहिला आघात आता दाबला जाण्याआधीच निसटतो, त्यामुळे ‘ट’ पुन्हा ‘ट’ झाला.

तबला-डग्गा मध्याच्या जवळ आले, हार्मोनियम डावीकडे आणि गिटार उजवीकडे सरकली, बासरीची जोडप्रत काढून टाकली. दोन वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तानपुरे मात्र दोन्ही टोकांना ठेवले. ते एकाच ध्वनीची प्रत नसल्याने मोनोतही शाबूत राहतात. ही निवड मला फार आवडली, कारण मध्यभाग त्यामुळे गायनासाठी मोकळा राहिला.

तक्रारी दोन उरतात. ‘स’सारख्या अक्षरांचा सीत्कार कमी करणारा डी-एसर थोडा जास्त झाल्यामुळे ‘सांज’मधला ‘स’ किंचित बोबडा वाटतो, आणि काम कबूल केलेल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा हाती आले. तरीही पुढचे गाणे मी तिथेच देणार आहे. फक्त या वेळी शब्दांचा कागद पहिल्याच दिवशी, दोन ओळींमध्ये पेन्सिलीला जागा सोडून, सोबत नेईन.