आधी गीतारहस्य की आधी गीता प्रवचने?

तत्त्वज्ञानाचं पहिलं मराठी पुस्तक घ्यायला पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात निघालात, तर या दोघांतलं कोणतं घ्यायचं, हा प्रश्न येणारच.

दोन्ही तुरुंगात घडलेली. लोकमान्यांनी मंडालेत १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं. सुटून पुण्यात आल्यावर १९१५ साली ते छापून निघालं. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी सोबतच्या कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय उलगडून सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला; तीच 'गीता प्रवचने'. एक एकांतात लिहिलेलं, दुसरं माणसांसमोर बोललेलं. हा फरक पानोपानी जाणवतो.

तुम्ही खऱ्याखुऱ्या पेचात असाल, म्हणजे थकलेल्या आईवडिलांजवळ राहावं की परदेशातली नोकरी धरावी असा, तर टिळक घ्या. 'कर्मजिज्ञासा' हे दुसरं प्रकरण अशाच पेचांनी भरलंय: शेक्सपिअरचा हॅम्लेट, दुष्काळात कुत्र्याचं मांस खायला निघालेला विश्वामित्र, लुटारूंपासून लपलेल्यांचा पत्ता खरा सांगावा का. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं) असा एकेक नियम उचलून तो कुठे अडतो ते टिळक दाखवतात. पुढे मिल, स्पेन्सर, कांट हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ येतात. खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडायचं, ही त्यांची रीत वाचणाऱ्याच्याही अंगवळणी पडते. माझ्या मते या ग्रंथाची सगळ्यात मोठी देणगी हीच. मात्र गीता कर्मयोगच सांगते हे ते हिरिरीने सिद्ध करतात. शंकराचार्यांची संन्यासपर बाजू त्यांच्याच भाष्यात वाचायला हवी. कापिलसांख्याचं, म्हणजे कपिलमुनींच्या सांख्य तत्त्वज्ञानाचं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलंत तरी चालेल.

पेच नाही, पण रोजच्या कामात जीव रमत नाही, अशांनी विनोबांकडे जावं. तिसऱ्या अध्यायात सेना न्हावी भेटतो: लोकांच्या डोक्यावरचा मळ काढता काढता त्याला स्वतःच्या बुद्धीतला मळ दिसू लागतो. चौथ्यात ते सांगतात की बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची जोड मिळाली, म्हणजे त्यात मन ओतलं, की कर्माचं ओझं उरत नाही. इथे खंडनमंडन जवळजवळ नाही. वाद घालून पटवून घेणाऱ्या वाचकाला हे अपुरं वाटेल, आणि ती तक्रार रास्त आहे. पण विनोबा वाचल्यावर माणूस दुसऱ्याच्या मतांऐवजी स्वतःच्या वागण्याकडे पाहायला लागतो.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या विशीतल्या मुलामुलींना मी आधी विनोबाच सुचवेन: रोज एक प्रवचन, सोबत 'गीताई'तला, म्हणजे विनोबांनीच केलेल्या गीतेच्या मराठी पद्यानुवादातला तोच अध्याय. वकिली, पत्रकारिता, राजकारण यांत वावरणाऱ्यांनी थेट टिळकांपासून सुरुवात करावी. मोठा ग्रंथ म्हणून बिचकू नये. अजूनही ठरत नसेल, तर एखाद्या ग्रंथालयात बसून 'कर्मजिज्ञासा'ची सुरुवातीची पानं आणि विनोबांचा तिसरा अध्याय लागोपाठ वाचा. ज्यातला प्रश्न तुमचा वाटेल, ते पुस्तक घरी न्या.