एक्सपेरिमेंट डॉट कॉम: तीनदा पैसे लावल्यानंतर

कुडाळजवळ आमच्या गोठ्यामागे फणसाच्या सावलीत अझोल्याचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या नेच्याचा (फर्नचा) वाफा आहे. सिल्पॉलिनचा प्लास्टिक कागद अंथरून, शेणकाला आणि थोडं सुपर फॉस्फेट घालून केलेला. रोज सकाळी चाळणीने अझोला काढायचा, शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा आणि पेंडीत मिसळून म्हशींना घालायचा. एवढ्याशा पानात एवढी प्रथिनं येतात कुठून, हे वाचत वाचत मी एक्सपेरिमेंट डॉट कॉम या, संशोधनासाठी लोकवर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळापर्यंत पोचले.

2014 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या कॅथलीन प्रायर आणि फे-वेई ली यांच्या गटाने अझोल्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकसंच, वाचण्यासाठी इथे लोकांकडे पैसे मागितले होते. हवे होते 15,000 डॉलर. 123 जणांनी मिळून 22,160 दिले. पुढे चीनमधली बीजीआय ही जीनोम वाचणारी संस्था कामात आली आणि 2018 मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये निबंध छापून आला. अझोल्याच्या पानात एक पोकळी असते, तिथे राहणारा निळा-हिरवा जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून नेच्याला देतो. ही सोबत किती जुनी, ती जनुकांत कुठे दिसते, याचा त्यात शोध आहे. माझं बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं, पण माझ्या वाफ्यातली वनस्पती अशी कोणी उलगडून दाखवली नव्हती. ते 123 जण कोण असतील, असं सारखं मनात येत राहिलं. मग मीही पैसे लावायचं ठरवलं.

ही सेवा सिंडी वू आणि डेनी लुआन या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोघा तरुणांनी 2012 मध्ये सुरू केली. तेव्हा नाव होतं मायक्रोरायझा. संशोधक आपलं पान मांडतो. विषय काय, त्याचं महत्त्व काय, साध्य काय करायचंय, या तीन प्रश्नांची उत्तरं त्याला साध्या भाषेत द्यावी लागतात. मला सर्वांत आवडतो तो खर्चाचा तक्ता: रसायनांना किती, नमुने तपासून घ्यायला किती, प्रवासाला किती. दूध संघाचा हिशेब वाचावा तसा मी तो ओळ न् ओळ वाचते.

ठरलेल्या मुदतीत लक्ष्य पुरं झालं तरच कार्डातून पैसे जातात, नाहीतर एक पैही जात नाही. लक्ष्य गाठलं तर संकेतस्थळ 8 टक्के घेतं, कार्डाचा खर्च वेगळा. पैसे देणाऱ्याला मिळतात त्या ‘लॅब नोट्स’, म्हणजे कामाच्या चालू नोंदी.

मी तीनदा पैसे लावले, दर वेळी पंचवीस डॉलर. पहिल्यांदा माझ्या बँकेने डॉलरचा व्यवहार अडवला, शाखेत दोन खेपा झाल्या. तो प्रकल्प लक्ष्यापर्यंत पोचलाच नाही. दुसरा बेडकांवरचा. त्या संशोधक मुलीने पावसात भिजलेल्या वहीचे फोटो टाकले, कुठल्या रात्री एकही बेडूक सापडला नाही तेही लिहिलं. ते वाचताना पैसे सार्थकी लागल्यासारखं वाटलं. तिसऱ्याने दोन नोंदी लिहिल्या आणि नंतर काहीच नाही. त्याचं मला वाईट वाटलं. प्रयोग फसला असता तरी चाललं असतं, पण कळवायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. माझी मुलगी पीएच.डी. करते. जानेवारी 2023 पासून केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा 31,000 वरून 37,000 रुपये झाली, तेव्हा आम्ही घरात आनंद केला. पण मध्ये तिची फेलोशिप सात महिने अडकली होती. खोलीचं भाडं दुधाच्या पैशांतून गेलं. तेव्हा कोणी मला म्हणालं, ‘असं लोकांकडून का नाही मागत?’ अहो, हे पैसे एखाद्या प्रश्नासाठी असतात, पोटासाठी नाही. अझोल्याचा प्रकल्प उभा राहिला कारण त्यामागे विद्यापीठाची प्रयोगशाळा होती, पगारी माणसं होती. लोकवर्गणीने जीनोम वाचून झाला, घरं नाही चालली. सरकारने दरमहा वेळेवर द्यायचे पैसे त्यानेच द्यायला हवेत.

पण ज्या प्रश्नाला मोठं अनुदान मिळायला अजून पुरावा नाही, त्याच्या पहिल्या पावलासाठी ही जागा फार मोलाची आहे. सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे आमच्या वाडीतल्या इतरांना मला वाचून सांगावं लागतं. पैसे लावण्याआधी त्या संशोधकाचे जुने प्रकल्प असतील तर त्यांच्या नोंदी उघडून बघा, शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा. मी आता तेच आधी बघते. या आठवड्यात नेच्यांवरचं एक पान वाचून ठेवलंय. खर्चाच्या तक्त्यातली एक रक्कम कळली नाही, म्हणून त्यांना विचारलंय. उत्तर आलं की पंचवीस डॉलर लावीन.