न्हाणीतला गॅस गीझर परड्यात हलवला: आमच्या फिटरमामांच्या कामाबद्दल

तीन दिवस उशिरा आले, भिंतीला पाडलेलं भोक नीट लिंपलं नाही, तरीही बेळगावात गीझरचा विषय निघाला की मी या मामांकडंच पाठवते. नंबर त्यांना विचारून ज्याला हवा त्याला देईन, इथं चारचौघांत टाकत नाही.

आमचं घर शहापुरात, जुनं, लांबट. मागं परडं, त्याला लागून न्हाणी. सासूबाईंचा तांब्याचा बंब गळायला लागला तेव्हा २०२१ मध्ये ६ लिटरचा गॅस गीझर घेतला. दुकानाच्या माणसानं तो न्हाणीतच नळावर टांगला, सिलिंडर कोपऱ्यात ठेवला आणि अर्ध्या तासात गेला. हवा कुठून येणार, धूर कुठं जाणार, एका शब्दानं विचारलं नाही.

डिसेंबरात इकडं सकाळी चांगलीच थंडी असते, म्हणून आम्ही खिडकीत पुठ्ठा घालायचो. मागच्या डिसेंबरात दहावीतली लेक आंघोळीला गेली. पंधरा मिनिटांनी कडी वाजली आणि पोर उंबऱ्यातच बसली. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय उचलेनात. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी घरी आणली, पण ते तास मी विसरणार नाही.

गॅसचा वास अजिबात नव्हता, म्हणून गीझरवर आमचा संशयच गेला नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उलगडा झाला. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळला तर कळावा म्हणून. हवा कमी पडून तो अर्धवट जळला की जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास. गीझरच्या वर भिंतीवर काजळीचा पट्टा यायचा. तो मी दर शुक्रवारी ओल्या फडक्यानं पुसायची. ज्योतही पिवळी झाली होती. इतके दिवस ते डोळ्यांसमोर होतं आणि त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

मामा खानापूर तालुक्यातले. बरीच वर्षं गोव्यात होते, परदेशी लोकांच्या शिडाच्या बोटींवर गॅसची कामं करायचे. थंड मुलखातून आलेल्या त्या बोटींच्या केबिनमध्ये प्रोपेनवरचे हीटर असतात म्हणे. ते नीट बसवलेले असले तर ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, माणसांच्या श्वासाच्या हवेला हात लागत नाही. सिलिंडर वेगळ्या खणात, आणि त्या खणाला तळाशी बोटीबाहेर उघडणारी नळी. मी विचारलं, तळाशी कशाला? तर म्हणाले, "वैनी, हा गॅस हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली वाहत जातोय बघा. बोटीच्या तळात साठला की एक ठिणगी पुरे." आणि लगेच न्हाणीतल्या मोरीकडं बोट दाखवलं. आमचा सिलिंडर तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

गीझर आता परड्यात, दोन बाजूंनी उघड्या पत्र्याखाली आहे. न्हाणीत येते ती फक्त गरम पाण्याची पाइप. सिलिंडर कट्ट्यावर, उभा, मोरीपासून लांब. मी खर्च वाचवायला म्हटलं, स्वयंपाकाच्या सिलिंडरलाच जोड द्या. त्यांनी साफ नकार दिला. नारिंगी रबरी नळी आयएसआय मार्कची, दीड मीटरच्या आतली, भिंतीतून कुठंही न नेलेली. तिच्यावरची तारीख मला वाचायला लावली आणि पाच वर्षांनी बदला म्हणून बजावलं.

मग साबणाचं पाणी. जुन्या दाढीच्या ब्रशनं एकेक जोड भिजवत गेले. गीझरच्या तोंडाशी असलेल्या नटवर एक बुडबुडा सावकाश फुगला, हरभऱ्याएवढा झाला आणि फुटला. मला वाटलं फेसच आहे. मामांनी वॉल्व्ह बंद केला, नट उघडून वायसर बदलला, परत फेस लावला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. काही आलं नाही तेव्हाच गीझर पेटवला. बर्नर साफ केल्यावर ज्योत निळी झाली होती. गळतीसाठी १९०६ हा नंबर त्यांनी दारामागं खडूनं लिहून दिला.

सामानासकट २,६०० रुपये घेतले. पाइप लांब झाली, त्यामुळं आधी अर्धी बादली गार पाणी येतं. आमची टाकी कमी उंचीवर, पाण्याला जोर कमी, त्यामुळं नळ बारीक सोडला तर गीझर विझतो. हे मामांनी आधी सांगायला हवं होतं. वारा आडवा लागला की ज्योत फडफडते, त्यासाठी तिसऱ्या बाजूला अर्धा पत्रा लावू का असं विचारलं तर म्हणाले, मी बघितल्याशिवाय काही झाकू नका.

पाऊस सुरू व्हायच्या आत येतो म्हणालेत. भोकही तेव्हाच लिंपायचं कबूल केलंय.