क्लायंटला फाइल अ‍ॅक्सेस द्यायचाय: ओपनएसएसएच, व्हीएसएफटीपीडी की एसएफटीपीगो?

क्लायंटच्या फाइल्स घ्यायला-द्यायला स्वतःचा लिनक्स सर्व्हर लावायचा म्हटलं की साधारण हे तीन सर्व्हर प्रोग्रॅम पुढे येतात: ओपनएसएसएच आणि एसएफटीपीगो एसएफटीपीवर (एनक्रिप्ट केलेल्या कनेक्शनवरून फाइल पाठवायची पद्धत) चालतात, व्हीएसएफटीपीडी जुन्या एफटीपीवर. स्पीडवर डोकं घालवू नका. एका क्लायंटला दुसऱ्याचं काही दिसता कामा नये आणि ज्याला जेवढं करू द्यायचंय तेवढंच करता आलं पाहिजे, तिघांची पारख इथेच होते.

ओपनएसएसएच सर्व्हरवर बहुतेक आधीच असतं. एकच पोर्ट, २२, आणि पासवर्डऐवजी 'की'वर (डिजिटल किल्लीवर) लॉगिन. क्लायंट लोकांचा एक ग्रुप करायचा, कॉन्फिगमध्ये त्या ग्रुपला सीएचरूट लावायचं (म्हणजे ठरलेल्या फोल्डरबाहेर जाता येत नाही) आणि इंटर्नल-एसएफटीपी सक्तीचं करायचं (म्हणजे फक्त फाइलींची देवाणघेवाण), आणि टीसीपी फॉरवर्डिंग (सर्व्हरमार्गे पुढे दुसरीकडे कनेक्शन नेणं) आठवणीने बंद करा कारण ते चालू राहिलं तर शेल (कमांड चालवायची सोय) नसलेला माणूससुद्धा तुमच्या सर्व्हरमधून आतल्या नेटवर्कपर्यंत पोचू शकतो. लोक अडकतात ते फोल्डरच्या मालकीवर. सीएचरूटचं फोल्डर आणि त्याच्या वरची सगळी फोल्डरं रूटच्याच (सर्व्हरच्या मुख्य अकाउंटच्या) नावावर लागतात, दुसऱ्या कुणाला तिथे लिहायची परवानगी चालत नाही. ते क्लायंटच्या नावावर केलं की कनेक्शन लगेच तुटतं, फाइलझिलात (क्लायंट वापरतो त्या फाइल पाठवायच्या प्रोग्रॅममध्ये) कारण काही कळत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणून बाहेरचं फोल्डर रूटचं, परमिशन ७५५ (लिहायचं फक्त मालकाला, बाकीच्यांना वाचायला), आणि आत दोन: 'आलेलं' क्लायंटच्या नावावर, 'दिलेलं' तुमच्या नावावर, त्याला फक्त वाचायला. ऑफिसच्या लोकांनाही 'आलेलं'मध्ये काम करायचं असेल तर त्यावर ऑफिसचा ग्रुप लावून परमिशन २७७० द्या (मालक आणि ग्रुपला सगळं, इतरांना काही नाही, नवीन फाइललाही तोच ग्रुप) आणि इंटर्नल-एसएफटीपीला यूमास्क (नवीन फाइलची परमिशन ठरवणारं सेटिंग) ००७ द्या, नाहीतर ग्रुप बरोबर लागतो पण फाइल एडिट होत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, लिनक्समध्ये फाइल डिलीट करता येते का हे फाइलच्या परमिशनवर नाही, फोल्डरच्या परमिशनवर ठरतं. म्हणजे ज्याला अपलोड करू दिलं तो स्वतःची फाइल उडवू पण शकतो आणि त्याच नावाने नवीन टाकू पण शकतो. छपाईच्या कामात हे चालून जाईल, पण कुणी हिशोबाची कागदपत्रं पाठवत असेल तर मला हे अजिबात पटत नाही.

एसएफटीपीगो इथे पुढे जातं. त्यात अपलोड, ओव्हरराइट, डिलीट, रीनेम या सगळ्या वेगवेगळ्या परमिशन आहेत आणि त्या फोल्डरप्रमाणे बदलता येतात, शिवाय क्लायंटचं सिस्टीम अकाउंट लागत नाही, अकाउंटला मुदत घालता येते, जागेची मर्यादा पण. बदल्यात अजून एक सर्व्हिस अपडेट करत राहायची, आणि अ‍ॅडमिन पेज इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही म्हणजे नाही. साधारण सेटअपमध्ये डिस्कवर सगळ्या फाइल्स एकाच यूजरच्या नावावर पडतात, त्यामुळे क्लायंटमधली भिंत लिनक्सची नसते, त्या सॉफ्टवेअरची असते.

व्हीएसएफटीपीडी मी तेव्हाच लावेन जेव्हा क्लायंटचं जुनं मशीन किंवा सॉफ्टवेअर एफटीपीशिवाय काही बोलतच नाही. टीएलएस (कनेक्शनचं एनक्रिप्शन) सक्तीचं करा, नाहीतर पासवर्ड उघडाच जातो. पोर्ट २१ शिवाय पॅसिव्हची रेंज (फाइलींच्या डेटासाठी लागणारे जास्तीचे पोर्ट) ठरवून फायरवॉलमध्ये उघडावी लागते. इथेही सीएचरूटचं फोल्डर यूजरला लिहिता येत असेल तर सर्व्हर लॉगिन नाकारतो, त्यावर नेटवर सर्रास 'अलाऊ रायटेबल सीएचरूट' चालू करायचा उपाय मिळतो, तो टाळा, वरच्यासारखं आत फोल्डर काढा. आणि क्लायंटला आधीच सांगून ठेवा की ब्राउझरमध्ये एफटीपी लिंक उघडणार नाही, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी २०२१ मध्ये ते काढून टाकलं.

माझं मत विचाराल तर पाच-दहा क्लायंट आणि सगळ्यांना सारखेच नियम असतील तर ओपनएसएसएच डोळे झाकून घ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे असतील किंवा आलेली फाइल कुणी बदलता कामा नये असं असेल तर एसएफटीपीगो. काहीही लावलंत तरी लिंक पाठवण्याआधी दोन टेस्ट अकाउंट काढा, एकातून दुसऱ्याचं फोल्डर उघडून बघा आणि 'दिलेलं'मधली फाइल डिलीट करून बघा, दोन्ही वेळा नकार आला पाहिजे.