आठवा मोठा की सहावा? सीताबर्डीतून आणलेला गणिताचा डबा

पाचवीला शिकवते मी, वर्गात 31 पोट्टे. अपूर्णांक सुरू करायच्या आधी सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांचा डबा आणला. आत फोमच्या रंगीत चकत्यांचे 51 तुकडे, एक लिटरचा प्लास्टिकचा जार आणि एक पट्टी.

पैसे वसूल झाले ते चकत्यांत. अख्खी, अर्धी, तृतीयांश असं करत द्वादशांशापर्यंत. सातवा, नववा, अकरावा भाग नाही. खोट एकच, प्रत्येक तुकड्यावर 1/6, 1/8 छापलेलं. पोरं तुकडा पाहतच नाहीत, आकडा वाचून मोकळी. यातला मोठा कोणता, विचारलं तर निम्मा वर्ग ओरडला, "मॅडम, आठवाला!" दुसऱ्या दिवशी सगळ्या आकड्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. मग कुठं तुकड्यावर तुकडा ठेवून पाहणं सुरू झालं. अर्ध्यावर चार अष्टमांश बरोबर बसतात, तीन षष्ठांशही बसतात. सममूल्य हा शब्द फळ्यावर त्यानंतर लिहिला.

तरी एकजण अडून होता, आठ मोठाच. त्याला मी नाही, शेजारच्या पोरानं गप्प केलं. त्याची आई भाजी विकते. "अबे, आधपाव मिरचीच्या किलोत आठ पुड्या होतात, पावाच्या चारच. मग आधपाव मोठा कसा?"

संत्र्याच्या फोडींनी अपूर्णांक शिकवा असं कुणी सांगितलं तर जरा जपून. आम्ही सोलून पाहिलं. एकात दहा फोडी, दुसऱ्यात अकरा, आणि त्याही लहानमोठ्या. समान भाग म्हणजे काय नाही, ते दाखवायला मात्र संत्र्यासारखं काही नाही.

आता जार. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी त्यात ओतली, तर दूध 500 च्या खुणेपर्यंत पोचलंच नाही. पिशवी कमी भरली असेल म्हणून दुसरी ओतली, तीही तेवढीच खाली. दुकानात गेले तर काका म्हणाले, "फोडलेला डबा परत होत नाही, मॅडम." मग पोरांनीच जारवर कागदाची पट्टी चिकटवून नव्या खुणा केल्या: पाव, अर्धा, पाऊण. त्या दिवशी शाळेत चहा जरा जास्तच झाला.

पट्टीचा शून्य काठापासून थोडा आत आहे. काही पोरं काठ लावून मोजतात, त्यामुळे एकाच वहीची लांबी वेगवेगळी येते. हा दोष धरत नाही मी, तासभर त्यावरच भांडण रंगलं.

चकत्यांचा एक संच पाच-सहा जणांना पुरतो. आणखी पाच लागतील. काका सुट्या चकत्या द्यायला तयार आहेत, जारशिवाय.