पीपी-एचडीपीईच्या टाक्यांचे जोड: फ्रिक्शन स्टर, हॉट प्लेट की एक्स्ट्रुजन?

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या पट्ट्यात प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि पिकलिंगसाठी (आम्लाने धातू स्वच्छ करण्यासाठी) पीपी-एचडीपीईच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि उच्च घनतेच्या पॉलिथिलीन या प्लॅस्टिकच्या, टाक्या बनवणाऱ्या ज्या कारखानदाराकडे एखादे जुने मिलिंग मशीन आहे, त्याच्या मनात कधी ना कधी हा प्रश्न येतोच: अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट्स फ्रिक्शन स्टरने जोडल्या जातात, तर प्लॅस्टिकची शीट त्याच पद्धतीने आपल्याच मशीनवर का जोडू नये? सांधा भरायला प्लॅस्टिकची रॉड लागणार नाही, हॉट एअर गनवर बसणारा कसबी माणूस शोधावा लागणार नाही आणि नवे मशीनही घ्यावे लागणार नाही. प्रश्न रास्त आहे. मात्र यातला तिसरा फायदा बहुतांशी भ्रम आहे, आणि निर्णय नेमका तिथेच अडतो.

फ्रिक्शन स्टर ही पद्धत १९९१ मध्ये ब्रिटनच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये अ‍ॅल्युमिनियमसाठी शोधली गेली. फिरणारी पिन दोन प्लेट्सच्या सांध्यात उतरते, तिच्या वरचे रुंद शोल्डर पृष्ठभागावर घासून उष्णता निर्माण करते, आणि न वितळता मऊ झालेला धातू पिनभोवती ढवळला जाऊन एकजीव होतो. ही सगळी रचना धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतो या गृहीतावर उभी आहे. एचडीपीईची उष्णतावहनक्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असल्यामुळे शोल्डरखालचा थर वितळून पातळ होतो, तर तळाचा भाग जवळजवळ थंडच राहतो. शिवाय फिरते शोल्डर वितळलेला माल सांध्यात दाबून धरण्याऐवजी बाहेर फेकते. आमच्या शेडमध्ये १० मिमी जाडीच्या काळ्या एचडीपीईवर साध्या टूलने घेतलेल्या पहिल्या चाचणीत सोऱ्यातून शेव पडावी तशा काळ्या लडी शोल्डरच्या कडेने बाहेर येत राहिल्या, आणि मागे जोडाऐवजी एक खडबडीत चर उरला.

यावरचा उपाय ठाऊक आहे. शोल्डर फिरू द्यायचे नाही; पिन बेअरिंगमधून फिरते आणि तिच्याभोवतीचा स्थिर बूट, बहुधा हीटर बसवून शंभर ते दीडशे अंशांच्या आसपास तापवलेला, वितळलेला माल वरून दाबून धरतो. असे टूल बाजारात सहज मिळत नाही, ते बनवून घ्यावे लागते. त्यात बेअरिंग, हीटर, तापमान नियंत्रक आणि बूट स्पिंडलबरोबर फिरू नये म्हणून आधार एवढे सगळे येते. म्हणजे ‘मशीन तर आपल्याकडे आहेच’ हे म्हणणे अर्धेच खरे ठरते.

दुसरी अडचण मुळाची, म्हणजे सांध्याच्या तळाची. पिन खालच्या आधारपट्टीला लागू नये म्हणून ती शीटच्या जाडीपेक्षा किंचित आखूड ठेवावी लागते, आणि तळाचा तो पातळ थर न जुळताच राहतो. वरून पाहता हा दोष दिसत नाही. जोडातून कापलेली पट्टी व्हाइसमध्ये धरून मुळाची बाजू बाहेर येईल अशी वाकवली, की तळाची रेषा सरळ उघडते. यासाठी शीट उलटून दुसऱ्या बाजूनेही पास घ्यावा लागतो, म्हणजे वेळ दुप्पट होतो.

वेळेचा हिशेब इथे निर्णायक ठरतो. मिनिटाला ६० मिमी हा वेग धरला, तर २ मीटरच्या सांध्याला एका बाजूने सुमारे ३३ मिनिटे आणि दोन्ही बाजूंनी तासाहून अधिक वेळ लागतो. त्यातही जुन्या मिलिंग मशीनच्या टेबलाची चाल सहसा मीटरभरही नसते, त्यामुळे शीट सरकवून पुन्हा बांधावी लागते. याउलट हॉट प्लेट पद्धतीत दोन्ही कडा २०० ते २२० अंशांच्या टेफ्लॉन-लेपित तव्यावर तापवून एकमेकींवर दाबल्या जातात. १० मिमी एचडीपीईला तापवण्यासाठी साधारण १०० सेकंद आणि दाबाखाली थंड होण्यासाठी १० ते १५ मिनिटे लागतात, मग सांधा अर्धा मीटर असो वा दोन मीटर. एवढेच पथ्य पाळावे लागते की तवा काढल्यापासून कडा टेकेपर्यंत काही सेकंदच जावेत आणि तापलेल्या कडांवर वारा येऊ नये. जूनमध्ये शेडचे शटर उघडे ठेवून असे हॉट प्लेटचे जोड (बट वेल्डिंग) करणाऱ्यांनी आपले जोड एकदा वाकवून पाहावेत.

हॉट प्लेटचे तोटे खरे आहेत, पण ते ओळखीचे आहेत. मशीन महाग असते, दोन्ही शीट समान जाडीच्या लागतात, सांधा सरळच असावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. तो आतल्या बाजूने नको असेल तर तासावा लागतो. टाकीचा तळ आणि शेवटचा बंद होणारा कोपरा या पद्धतीत सहसा बसत नाही. तिथे एक्स्ट्रुजन गनला पर्याय नाही. हातातल्या गनमधून वितळलेला माल खाचेत एकाच पासमध्ये भरला जातो. मात्र कडा आदल्या दिवशी नव्हे, जोडण्याच्या अगदी आधी खरवडाव्या लागतात, कारण वरचा ऑक्सिडाइज झालेला थर जोडाला धरत नाही. हॉट एअर गन आणि ३-४ मिमी रॉडची पद्धत पातळ शीटला आणि अडचणीच्या जागेला ठीक. १० मिमीला अनेक पास घ्यावे लागतात आणि प्रत्येक पास माणसाच्या मनगटावर अवलंबून असतो.

टाकीची जाडी ठरवणाऱ्यासाठी यापेक्षाही महत्त्वाचा एक मुद्दा आहे. जर्मनीच्या डीव्हीएस या वेल्डिंग संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन भाराखालील जोडाचे गुणांक, म्हणजे मूळ शीटच्या ताकदीचा किती भाग जोडाला धरायचा, दिलेले आहेत: हॉट प्लेटला ०.८, एक्स्ट्रुजनला ०.६, हॉट एअरला ०.४. फ्रिक्शन स्टर त्या यादीत नाही. चाचणीत एखादी पट्टी मूळ शीटइतकी ताकद दाखवू शकते, परंतु रसायनाने भरलेली टाकी कित्येक वर्षे उभी राहील, हे पट्टी ओढून घेतलेल्या त्या एका चाचणीवरून ठरत नाही. ग्राहकाच्या इंजिनियरने डिझाइनचा आधार मागितला, तर पहिल्या तीन पद्धतींना उत्तर आहे. चौथीला तुमच्या स्वतःच्या चाचण्यांशिवाय काहीच नाही. ज्यात आम्ल किंवा गरम द्रव भरायचा आहे अशा टाकीसाठी मी स्वतः फ्रिक्शन स्टरचा जोड देणार नाही.

तरीही तिची एक जागा आहे. सपाट, जाड एचडीपीईचे पॅनेल, मीटरभराच्या आतले सरळ सांधे, फुगवटा चालत नाही असे पृष्ठभाग, आणि तोच तुकडा वारंवार बनवायचा असल्यामुळे शीट पकडून धरणाऱ्या फिक्स्चरचा खर्च वसूल होईल असे काम, एवढे एकत्र आले तर विचार करायला हरकत नाही. जोडाच्या शेवटी पिन वर येताना भोक उरते. त्यासाठी शीट थोडी लांब घेऊन ते टोक कापून टाकण्याची सोय ठेवावी. पीपीच्या बाबतीत मी अधिक सावध राहीन, कारण ते सुमारे १६५ अंशांना वितळते आणि वितळताच फार पातळ होते, त्यामुळे योग्य वेग आणि तापमानाची मोकळीक कमी उरते. पीव्हीसी तर मिलिंग मशीनवर ढवळूच नये: जास्त तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, आणि ती माणसाच्या छातीला त्रास देते, शिवाय मशीनच्या स्लाइड्सही गंजवते.

टूल बनवायला टाकण्याआधी ज्या शीटचे काम करायचे आहे त्याच शीटचे दोन तुकडे जॉबवर्कने जोडून घ्यावेत, सुरुवातीपासून, मधून आणि शेवटाकडून प्रत्येकी दोन पट्ट्या कापाव्यात, आणि प्रत्येक जोडीतली एक वरची बाजू बाहेर ठेवून व दुसरी मुळाची बाजू बाहेर ठेवून वाकवावी. मुळाकडून वाकवलेली एक जरी उघडली, तरी टूलचे पैसे हॉट प्लेट मशीनच्या हप्त्यात घालावेत.