रेनर्स लेन : लंडनच्या उपनगरातील एका भाड्याच्या घराचा अभिप्राय

मे महिन्याच्या अखेरीस आई आणि मी लंडनमध्ये नऊ दिवस राहिलो. आईचे गुडघे पाहता हॉटेलातील अरुंद खोली आणि रोजचे बाहेरचे जेवण तिला मानवणार नव्हते, म्हणून शहराच्या मध्यभागाचा मोह सोडून वायव्येकडील हॅरो बरोमधल्या (बरो म्हणजे लंडनचा प्रशासकीय विभाग) रेनर्स लेन या उपनगरात एक अख्खे घर भाड्याने घेतले. घरमालक ते एका संकेतस्थळामार्फत पाहुण्यांना देतात. त्यांचे किंवा संकेतस्थळाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. अभिप्राय घराचा असला तरी अशा ठिकाणी घर आणि वस्ती वेगळी काढता येत नाही, कारण पैसे घरासाठी मोजले तरी दिवस वस्तीतच जातात. वस्तीला मी भरभरून गुण देईन. घराला देताना मात्र हात आखडता घ्यावा लागेल.

रेनर्स लेनचे नाव पर्यटकांच्या यादीत सापडणार नाही आणि त्यात गैर काही नाही, कारण ही वस्ती पाहण्यासाठी वसवलेलीच नव्हती. १९०६ मध्ये येथे रेल्वेचा लहानसा थांबा झाला तेव्हा आजूबाजूला शेतेच होती. जगातील पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीला, इतर रेल्वे कंपन्यांना सहसा नसलेली एक मुभा होती : रुळांसाठी घेतलेल्या जमिनीपैकी उरलेली जमीन ती स्वतःकडे ठेवू शकत असे. कंपनीने १९१५ मध्ये आपल्या मार्गावरील या पट्ट्याला ‘मेट्रो-लँड’ असे नाव दिले, १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनी काढली आणि शहराच्या धुराला कंटाळलेल्या नोकरदाराला सांगितले की बाग असलेले घर आमच्याकडून घ्या आणि कामावर आमच्याच गाडीने जा. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत शेतांच्या जागी गल्ल्या उभ्या राहिल्या आणि १९३८ मध्ये त्या मूळ थांब्याच्या जागी विटा आणि काचेचा आजचा उंच, चौकोनी स्थानक-कक्ष आला. व्यवहार मोठा चतुर होता, पण त्यातून लागलेली वस्ती नव्वद वर्षांनंतरही राहण्याजोगी आहे, हे मान्य करावे लागते.

गाडीची सोय उत्तम आहे. मेट्रोपॉलिटन मार्गाने साधारण अर्ध्या तासात बेकर स्ट्रीटला पोहोचता येते, तर पिकॅडिली मार्ग सावकाश का होईना, पण थेट साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांपर्यंत नेतो. एक गोष्ट मात्र घरमालकांनी आगाऊ सांगायला हवी होती. हीथ्रो विमानतळ आणि रेनर्स लेन ही दोन्ही ठिकाणे पिकॅडिली मार्गावरच असली तरी त्या मार्गाच्या दोन वेगवेगळ्या फाट्यांवर आहेत, त्यामुळे ॲक्टन टाऊनला उतरून, जिना चढून-उतरून दुसऱ्या फलाटावर जावे लागते. ‘विमानतळाच्याच मार्गावर’ या जाहिरातीतील शब्दांवर विसंबून आम्ही दोन मोठ्या बॅगा आणि आईचे गुडघे घेऊन तेथे पोहोचलो, तेव्हा टॅक्सी करायला हवी होती हे कळले.

घर १९३०च्या दशकातले आहे. इंग्लंडच्या उपनगरांत सर्वत्र दिसणारे हे जुळे घर : मध्ये एक सामाईक भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना आरशात पाहावे तशी दोन घरे. पुढे बाहेर झुकलेली अर्धगोल खिडकी, वरच्या भिंतीत थापलेले बारीक खडे, दारातून आत जाताच अरुंद बोळ आणि गालिचा घातलेला उभा जिना. वरच्या मजल्यावर दोन बऱ्यापैकी खोल्या आणि बोळाच्या बरोबर वर तिसरी, जिला येथे ‘बॉक्स रूम’ म्हणतात. हे नाव प्रामाणिक आहे. छायाचित्रात मात्र ती ऐसपैस शयनगृह म्हणून दाखवली होती. प्रत्यक्षात तेथे पलंग ठेवल्यावर बॅग उघडायची तर आपण पलंगावर चढून बसावे लागते. तिघांसाठी किंवा चौघांसाठी हे घर घेणाऱ्यांनी ही खोली हिशेबात धरू नये.

न्हाणीघरात वॉशबेसिनला गरम आणि थंड पाण्याचे दोन वेगळे नळ आहेत, दोन टोकांना, आणि त्यांची धार कोठेही एकत्र येत नाही. यात घरमालकांचा दोष नाही. जुन्या घरांत थंड पाणी थेट मुख्य वाहिनीतून येत असे आणि गरम पाण्याला माळ्यावरच्या टाकीतून पुरवठा होत असे. टाकीतले पाणी पिण्याजोगे मानले जात नसल्याने दोन्ही प्रवाह वेगळे ठेवण्याची रीत पडली आणि पुढे कारण गेले तरी नळ राहिले. दिवा लावायला छताला टांगलेली दोरी ओढायची आणि दाढीच्या यंत्राखेरीज दुसरे काही लावायला सॉकेट नाही, हेही सुरक्षेच्या नियमांमुळेच. एवढ्याची सवय दोन दिवसांत होते. ज्याची सवय होऊ नये ती गोष्ट म्हणजे बॉयलर. गरम पाण्याची वेळ सकाळी साडेसहा ते आठ अशी लावलेली होती आणि ती बदलण्याचे यंत्र कुलूपबंद कपाटात होते. आई पाचला उठते. पहिल्या दिवशी तिने किटलीत चार वेळा पाणी उकळून अंघोळ केली. मी निरोप पाठवला त्याचे उत्तर दुपारी चारला आले, आणि तेही ‘वेळ पुरेशी आहे’ एवढेच. तिसऱ्या दिवशी कुलपाचा अंक मिळाला.

खरे घोडे पेंड खाल्ले ते कचऱ्यापाशी. या देशात कचऱ्याचे डबे हा गंभीर विषय आहे. पुनर्वापराचा एक, उरलेल्या कचऱ्याचा दुसरा, अन्नाच्या उरलेल्या तुकड्यांसाठी घट्ट झाकणाचा छोटा तिसरा. डब्यांचे रंग आणि नियम प्रत्येक काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, आपापले ठरवते आणि कोणत्या आठवड्यात कोणता डबा बाहेर काढायचा याचे वेळापत्रक असते. घरातल्या सूचनांच्या कागदावर फक्त ‘डबे मंगळवारी बाहेर ठेवावेत’ असे लिहिले होते. आम्ही सोमवारी रात्री ते आज्ञाधारकपणे कुंपणाबाहेर ठेवले. रात्री साडेअकराच्या सुमारास खिडकीखाली खडखड झाली म्हणून पडदा सारला, तर दिव्याच्या पिवळ्या उजेडात एक कोल्हा डब्यापाशी उभा होता. शेपूट त्याच्या अंगाएवढीच लांब, एक कान किंचित फाटलेला. छोट्या डब्याचे झाकण मीच नीट बसवले नव्हते. त्याने तो नाकाने आडवा केला, आईने केलेल्या मेथीच्या भाजीच्या काड्या हुंगून बाजूला सारल्या, उकडलेल्या अंड्यांची टरफले चाटली आणि वर पाहिले. आम्ही त्याला पाहतो आहोत हे त्याला कळले असावे, पण त्याने पळण्याची तसदी घेतली नाही. लंडनमध्ये कोल्हे आहेत हे ऐकून होतो. ते इतके घरचे असतील याची कल्पना नव्हती.

सकाळी पदपथ झाडत असताना शेजारच्या, म्हणजे सामाईक भिंतीपलीकडच्या आजी बाहेर आल्या. त्यांनी आधी आईच्या साडीकडे पाहिले, मग डब्यांकडे, आणि गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, “बेन, आज गाडी नहीं आएगी. कल बँक हॉलिडे था ना, सब एक दिन आगे गया.” मेचा शेवटचा सोमवार सार्वजनिक सुटीचा असतो आणि त्या आठवड्यात आमच्या गल्लीची कचरागाडी एक दिवस उशिरा येणार होती, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, कागदाला तेवढे ठाऊक नव्हते. डबे आत घेऊन पुन्हा मंगळवारी रात्री काढले. एवढे करूनही निघाल्यावर अनामत रकमेतून ‘अस्वच्छता’ म्हणून २५ पाउंड कापले गेले. दोनदा लिहूनही ते परत मिळाले नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

त्या आजींमुळे मात्र आमच्या मुक्कामाचा नूर पालटला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले तेव्हा त्या नवऱ्यासोबत आणि दोन मुलांसोबत इंग्लंडला आल्या होत्या. हॅरोमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत. २०२१ च्या जनगणनेनुसार या बरोतील साधारण ४५ टक्के रहिवासी आशियाई वंशाचे आहेत. आई मराठीमिश्रित हिंदीत आणि त्या गुजरातीत, अशा दोघी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी रोज अर्धा तास बोलत. त्यातला किती भाग एकमेकींना कळत होता हे मी विचारले नाही. मेथी आणि कढीपत्ता कोणत्या दुकानात ताजा मिळतो, कोणत्या रस्त्याने गेल्यास चढ लागत नाही, अशी घरमालकांच्या कागदावर असायला हवी होती ती सारी माहिती त्यांच्याकडून मिळाली. लंडनच्या ज्येष्ठ रहिवाशांना मिळणारा मोफत प्रवासाचा पास दाखवून त्या आईला म्हणाल्या की तुम्हीही येथेच राहा. पाहुण्यांना तो पास मिळत नाही. आम्ही बसला दरवेळी कार्ड टेकवून १.७५ पाउंड देत होतो, आणि तासाभरात दुसरी बस घेतली तर वेगळे पैसे पडत नव्हते. रोख पैसे लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून चालत नाहीत, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे.

दुकानांबाबत थोडक्यात : स्थानकाजवळच्या रस्त्यावर रोजच्या गरजेचे सर्व काही मिळते आणि भाजीसाठी दूर जावे लागत नाही. रविवारी सकाळी नऊला मोठ्या सुपरमार्केटच्या बंद दारापुढे उभे राहण्याची चूक आम्ही केली. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत सलग सहा तासच उघडी ठेवता येतात. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला हे बंधन नाही, आणि दूध तेथेच मिळाले.

या वस्तीत एक वास्तू मात्र आवर्जून पाहावी अशी आहे. अलेक्झांड्रा ॲव्हेन्यूवर १९३६ मध्ये ग्रोव्हनर नावाचे चित्रपटगृह उभे राहिले. त्याच्या दर्शनी भागावर फुगीर खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा एक भलामोठा वक्र भाग खाली झेपावतो. आईने रस्त्यापलीकडून क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “अरे, ही तर सोंड!” तिच्याशी कोणताही वास्तुतज्ज्ञ वाद घालणार नाही. आज ही संरक्षित इमारत झोरोॲस्ट्रियन सेंटर आहे, म्हणजे ब्रिटनमधील पारशी आणि इराणी झरतुष्ट्रींच्या संस्थेचे घर. ती संस्था १८६१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत दादाभाई नौरोजी होते, जे पुढे १८९२ मध्ये लंडनच्याच सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. चित्रपटगृहाच्या सोंडेखाली दादाभाईंचा वारसा असा नांदत असेल, असे कोणी आधी सांगितले असते तर विश्वास बसला नसता.

संध्याकाळ हा या वस्तीचा सर्वांत चांगला आणि काहींना सर्वांत कंटाळवाणा वाटेल असा भाग. मेअखेरीस रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण सातनंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. ज्यांना रोषणाई, नाटके आणि गर्दी हवी त्यांनी येथे राहू नये. परतीच्या प्रवासातच त्यांचा जीव मेटाकुटीला येईल. आम्ही जेवण उरकून फिरायला निघत असू. पुष्कळ घरांनी मोटार उभी करण्यासाठी पुढची बाग बुजवली आहे, मात्र २००८ पासून पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची तर परवानगी लागते, म्हणून अनेकांनी खडी टाकली आहे आणि मोटार आत शिरताना तिचा करकर आवाज त्या शांततेत दोन घरांपलीकडेही ऐकू येतो. झेब्रा क्रॉसिंगवर आई पाऊल टाकण्याआधीच गाड्या थांबत. पहिले दोन दिवस ती चालकाला हात जोडत असे. पुढे नुसता हात वर करू लागली.

रात्रीला ११० पाउंड आणि साफसफाईचे वेगळे ६० पाउंड हा दर दोन माणसांच्या हॉटेलपेक्षा फार स्वस्त नाही, पण स्वयंपाकघर आणि मागची बाग धरली तर पटण्याजोगा आहे. स्वच्छता चांगली होती, गाद्या उत्तम होत्या. वस्तीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो, घराला अडीच, आणि घरमालकांच्या सूचनापत्राला एकही नाही. निघण्याच्या दिवशी पहाटे किल्ली दाराबाहेरच्या पेटीत ठेवताना पाहिले, तर आमचे रिकामे डबे कोणीतरी आत आणून भिंतीशी नीट लावले होते आणि छोट्या डब्याच्या झाकणावर एक वीट ठेवली होती.